तपासणी आधी कुणाची?



कसबा बावड्यातल्या आमच्या गटात मूल न होण्याच्या प्रश्नावर बैठक घेतली. बायका भरभरून बोलल्या. कुणाची पिशवी दोनदा साफ केलेली, कुणाच्या नळ्यांचा फोटो काढलेला, कुणाला दुर्बीण घातलेली. जोतिबाचे नवस आणि अंगारेधुपारे वेगळेच. मी विचारलं, "नवऱ्याची तपासणी कुणी कुणी करून घेतली?" एकदम शांतता. मग एकजण पदराआड हसून म्हणाली, "त्यास्नी काय हुतंय ताई? तालमीतलं गडी हाईत ते."

त्यांना काय होतं ते आधी सांगते. एम. एस. डब्ल्यू. होऊन इतकी वर्षं स्त्रियांच्या आरोग्यावर बोलत फिरणाऱ्या मलाही ते नीट ठाऊक नव्हतं. तासन् तास उभ्यानं काम करणाऱ्या बायकांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगलेल्या आपण पाहतो. तशाच शिरा पुरुषाच्या वृषणांच्या पिशवीत फुगतात. डॉक्टर त्याला 'व्हेरिकोसील' म्हणतात. बहुतेकदा हे डाव्या बाजूला होतं, कारण तिकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते. शिरेतल्या झडपा नीट मिटल्या नाहीत की वर जायचं रक्त खाली साचतं. शुक्रजंतू तयार व्हायला शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी उष्णता लागते. साचलेल्या रक्तानं ती वाढते आणि शुक्रजंतूंची संख्या, हालचाल, घडण बिघडू शकते. १०० पुरुषांमागे साधारण १५ जणांना असं असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं होतात. पण मूल होत नाही म्हणून तपासलेल्या पुरुषांत हेच प्रमाण १०० त ३५ ते ४० आहे. सहसा दुखत नाही, फार तर जडपणा वाटतो. शरीरसंबंधात अडचण येत नाही, म्हणून शंकाही येत नाही.

त्या बैठकीतली एक बाई नंतर एकटीच भेटायला आली. लग्नाला नऊ वर्षं, त्यातली सहा दवाखान्यात. नवरा शिरोलीच्या एका फौंड्रीत भट्टीपाशी काम करणारा. (सतत उष्णतेत काम केल्यानंही शुक्रजंतूंवर परिणाम होऊ शकतो, हेही आपल्या कामगार वस्त्यांत कुणी सांगत नाही.) चार महिने मिनतवाऱ्या केल्यावर तो एकदाचा तयार झाला. वीर्यतपासणी म्हणजे २ ते ७ दिवस संबंध टाळून एका बाटलीत नमुना द्यायचा. भूल नाही, टाका नाही. खात्रीसाठी पुन्हा एकदा. दोन्ही वेळा संख्या फार कमी आली. डॉक्टरांनी त्याला उभं करून हातानं तपासलं आणि शिरा लगेच सापडल्या. गाठीसारखं काहीतरी सोळाव्या वर्षापासून लागत होतं, असं तो मग म्हणाला. लाजेनं कुणाला बोलला नव्हता.

या सहा वर्षांत एकाही दवाखान्यात त्याला कुणी आत बोलावलं नव्हतं. याचा मला त्याच्या लाजेपेक्षा जास्त राग आला.

ऑपरेशन झालं. घरी सांगितलं, हर्नियाचं. सासूनं लेकाला महिनाभर मटणाचा रस्सा घातला आणि सुनेला 'वांझ' म्हणायचं काही थांबवलं नाही. मी चिडून म्हटलं, सांगून का टाकत नाहीस? मूल नाही म्हणून बाईला टोमणे मारणं हा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात स्पष्ट शब्दांत छळ मानलाय. आपल्या कोल्हापूर संस्थानात तर शाहू महाराजांनी १९१९ सालीच स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. "ताई, तुमी आता जाशिला तुमच्या घरला. मला हितंच ऱ्हायाचं हाय. त्येंचं नाव निघालं तर तालमीत तोंड दाखवायचं न्हाईत ते."

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. 'दोष तुझ्यात नाही, त्याच्यात आहे' असं म्हणत आपण शिक्का एकीच्या कपाळावरून काढून दुसऱ्याच्या कपाळावर मारतो, हेही तेव्हा जाणवलं. आजाराला दोष म्हणत राहिलो तर पुरुष लपवणार आणि बायका झाकणार.

ऑपरेशन हा रामबाण नाही, हेही सांगायला हवं. नुसत्या सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीक शिरांसाठी ते करू नये. हाताला लागणाऱ्या शिरा आणि बिघडलेला रिपोर्ट दोन्ही असले तरच विचार करावा. बाईचं वयही पाहावं लागतं. नवे शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून फरक पाहायचा तो तीन महिन्यांनी. या जोडप्याचा रिपोर्ट सुधारलाय, दिवस अजून राहिलेले नाहीत.

पण हे काही न पाहता थेट टेस्ट ट्यूब बेबीकडे गेलं तर काय होतं? बीज कमी त्याचं, आणि रोजची इंजेक्शनं तिच्या पोटात, बीजं काढताना भूल तिला, कर्ज दोघांच्या डोक्यावर. काही जोडप्यांना दुसरा मार्ग नसतो, हे मान्य. मात्र ती निवड असेल तर आधी त्याची तपासणी झालेली हवी.

आमच्या केंद्राच्या नोंदीच्या फॉर्मवर बाईच्या उपचारांसाठी अर्धं पान होतं, नवऱ्याच्या तपासणीसाठी एक ओळही नव्हती. तो फॉर्म मीच तयार केला होता. आता पहिलाच प्रश्न तो घातलाय. तालमीतल्या पोरांशी या विषयावर कोण बोलणार, हे मात्र अजून ठरत नाहीये. आमच्यापैकी कुणी गेलं तर ती उठून जातील. तुमच्या गावात कुणी हे केलं असेल, तर कसं केलं ते जरूर कळवा.