कार्टून पाहावे की करावे?

मुले कार्टून फार पाहतात, ही आजच्या पालकांची नित्याची तक्रार आहे. पालकसभेत ती दरवर्षी निघते. अभ्यास मागे पडतो, डोळे बिघडतात, पडदा समोर असल्यावाचून घास घशाखाली उतरत नाही, असे माता सांगतात. आणि त्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? तथापि आमची तक्रार थोडी निराळी आहे. मुले कार्टून पाहतात याचे आम्हांस फारसे दुःख नाही. ती केवळ पाहतच राहतात, याचे आहे. जी कला मूळची हाताची, निरीक्षणाची आणि चिकाटीची, तिच्यात आमच्या मुलांना प्रेक्षकापलीकडे काही स्थानच उरलेले नाही. शाळेने आणि घराने मनावर घेतले तर हे पालटता येईल, असे आमचे मत आहे. ते कसे, हे सांगण्यापूर्वी ही कला आहे तरी काय आणि आजच्या रूपास ती कशी आली, याकडे दृष्टी टाकणे अवश्य आहे.

ॲनिमेशन हा शब्द लॅटिनमधील 'ॲनिमा', म्हणजे प्राण, या शब्दाच्या कुळातला. मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करावी, त्याप्रमाणे निश्चल चित्रात हालचाल भरावयाची, हा या विद्येचा हेतू. तिचे मर्म अगदी साधे आहे. एकमेकांपासून किंचित भिन्न अशी अनेक चित्रे डोळ्यांपुढून वेगाने नेली, म्हणजे ती वेगवेगळी न भासता एकच चित्र हलताना दिसते. चित्रपटात दर सेकंदास २४ चित्रे सरकतात. श्रम वाचावेत म्हणून पुष्कळदा एकच रेखाटन दोनदा टिपतात, तरीही सेकंदास बारा रेखाटने लागतातच. या हिशेबाने दहा मिनिटांच्या चित्रपटास ७,२०० रेखाटने झाली! आता हा भास होतो कशाने? डोळ्यांत प्रतिमा क्षणभर रेंगाळते म्हणून, असे पूर्वी सांगत असत. परंतु १९१२ साली जर्मनीत माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, दोन स्थिर आकृती लागोपाठ दाखविल्या, तर त्यांमधील प्रवास पाहणाऱ्याचे मनच भरून काढते. म्हणजे चित्रकार अर्धे काम करतो आणि उरलेले अर्धे आपण करतो.

या कलेचा आरंभ खेळण्यांपासून झाला. बेल्जममधील जोसेफ प्लातो यांनी १८३२ साली एक फिरती तबकडी तयार केली. तिच्या कडेने काढलेली चित्रे आरशात, फटींतून पाहिली की ती नाचू लागत. पुढे फिरते नळकांडे आले, आरशांचे यंत्र आले, आणि २८ ऑक्टोबर १८९२ रोजी पॅरिस येथे एमिल रेनो यांनी लांब पट्टीवर हाताने रंगविलेली चित्रे पडद्यावर चालवून दाखविली. लुमिएर बंधूंचा सिनेमा त्याच नगरीत १८९५ साली लोकांपुढे आला. म्हणजे छायाचित्रांच्या आधी हाताने काढलेली चित्रे पडद्यावर चालली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ही सारी विद्या परदेशातून आयती आली, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ करीत. काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या योगे पडद्यावर पाडून, काचा सरकवून, त्यांत हालचालीचा आभास ते उत्पन्न करीत. त्याहून कितीतरी जुनी परंपरा आमच्या घाटाखाली आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील कलावंत चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या तिन्ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळीत आले आहेत. चित्रकथीत एकेक चित्र पुढे करीत गाऊन कथा सांगावयाची. छायाखेळात दिव्यापुढे बाहुली नाचवून तिची सावली पडद्यावर खेळवावयाची. या कलेसाठी पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. इकडे कर्नाटकातही चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ आहे. त्याला कन्नडमध्ये 'तोगलु गोंबेयाट' म्हणतात. जर्मनीच्या लोटे रायनिगर या विदुषीने काळा कागद कात्रीने कातरून, त्या आकृतींच्या सावल्यांचा एक पूर्ण लांबीचा चित्रपट १९२६ साली पुरा केला आणि त्याची जगात वाहवा झाली. पिंगुळीचा कलावंत आणि ती जर्मन बाई यांची भेट झाली असती, तर दुभाष्यावाचून दोघांना एकमेकांचे काम समजले असते!

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हेही या विद्येचे उपासक होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली प्रकाशित झाला. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा एक छोटा चित्रपट केला होता. कुंडीत बी पेरून, कॅमेरा एका जागी ठेवून, ठराविक अंतराने त्यांनी चित्रे टिपली, आणि कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसू लागली. हा चमत्कार दाखवूनच त्यांनी भांडवल देणाऱ्याचा विश्वास संपादन केला. पुढे १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा चित्रपट केला. काडी थोडी सरकवावयाची, चित्र टिपावयाचे, पुन्हा सरकवावयाची, पुन्हा टिपावयाचे! तो चित्रपट आज उपलब्ध नाही. पण आगपेटीतल्या काड्यांनाही नट करता येते, हा त्याचा धडा शिल्लक आहे. त्याच सुमारास रशियात स्तारेविच यांनी मेलेल्या भुंग्यांना तारेचे पाय लावून त्यांच्याकडून नाटक करवून घेतले होते. साधन क्षुद्र असले म्हणून कला क्षुद्र होत नाही.

यानंतरची प्रगती मुख्यतः श्रम वाचविण्याच्या युक्त्यांची आहे. प्रत्येक चित्रात झाड, घर, डोंगर पुन्हा पुन्हा कोण काढील? अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी १९१४ च्या सुमारास पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांची युक्ती काढली. देखावा एकदाच रंगवून खाली ठेवावयाचा आणि हलणारे पात्र तेवढे वरच्या पत्र्यावर काढावयाचे. या एका युक्तीवर पुढची सत्तर-ऐंशी वर्षे कार्टूनचा व्यवसाय चालला. १९२८ साली डिस्नेच्या मिकी उंदराला आवाज मिळाला आणि १९३७ साली 'स्नो व्हाइट' हा पूर्ण लांबीचा रंगीत चित्रपट आला. आमच्याकडेही प्रयत्न थांबले नव्हते. निपाणीहून हाकेच्या अंतरावर असलेल्या कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेल्या प्रभात कंपनीने, पुण्यास गेल्यावर, १९३४ साली 'जंबूकाका' हे कोल्ह्याचे कार्टून काढले. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स तेथे शिकविण्यास आले आणि १९५७ साली जातककथेवरील 'बन्यन डीअर' हा चित्रपट अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या वळणाने तयार झाला. त्याच विभागात तयार झालेले राम मोहन पुढे या क्षेत्रातील अनेकांचे गुरू ठरले. १९७४ साली विजया मुळे यांचा, भीमसैन यांच्या चित्रांनी नटलेला 'एक अनेक और एकता' आला. दूरदर्शनवर तो पाहिलेली पिढी आज पालक झाली आहे.

मग संगणक आला. १९९५ सालचा 'टॉय स्टोरी' हा संपूर्णपणे संगणकावर घडविलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. मराठीतही २०१८ साली 'प्रभो शिवाजी राजा' हा ॲनिमेशनपट निघाला. आज तर नुसते शब्दांत सांगावे आणि यंत्राने हलते चित्र पुढे ठेवावे, येथवर मजल गेली आहे. येथेच आमच्या प्रतिपादनावर आक्षेप येतो. यंत्र सारे करते, तर मुलांनी हात काळे का करावेत? 

आमचे उत्तर असे की, यंत्र हात चालविते, पण डोळा देत नाही. बैल चिखलातून पाय काढतो तेव्हा आधी खांदा हलतो की खूर, ओझे घेतलेली बाई वळते तेव्हा प्रथम मान वळते की कंबर, हे ज्याने कधी निरखले नाही, त्याला यंत्राने दाखविलेले खरे की खोटे, हे कळणार कसे? 'बॅम्बी' (१९४२) करताना डिस्नेने चित्रकारांच्या अभ्यासासाठी जिवंत हरणाची पाडसे आणून ठेवली होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या गीतांजली राव यांचा 'प्रिंटेड रेनबो' हा २००६ साली कान येथे गौरविला गेलेला लघुपट पाहावा. संगणकाच्या ऐन भराच्या काळात त्यांनी तो हाताने रंगविला. साधन कोणतेही असो, पाहणे आणि सोसणे यांस पर्याय निघालेला नाही.

आणि पाहण्याचे हेच शिक्षण आम्ही हळूहळू बंद करीत आहो. एस. एस. एल. सी. चे वर्ष जवळ आले की चित्रकलेचा तास गणिताला किंवा शास्त्राला देण्याची वहिवाट पुष्कळ शाळांत पडली आहे. पालकांसही ती मान्य असते. आम्ही भाषा शिकविणारे. चित्रकला आमचा विषय नव्हे. तरी त्या तासाची बाजू आम्ही घेतो. गुणांच्या तराजूत तो तास हलका भरेल. परंतु पुढे हीच मुले ज्या उद्योगांत शिरू पाहतील, त्यांत डोळा आणि हात यांची किंमत वाढत आहे, हे आपण विसरतो.

सीमाभागाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. आमची घरची बोली कोंकणी, शाळेतील भाषा मराठी, बाजारात कन्नड कानी पडते; आणि मुले मैदानात भांडतात ती कार्टूनमधील हिंदी वाक्यांनी! कोणत्याही भाषेचा आम्हांस दुस्वास नाही. पण मुलांच्या मनातील सारी चित्रे जर परगावची असतील, तर बेळगावचा किल्ला, गोकाकचा धबधबा, राजहंसगडावरचे धुके, उसाच्या गाडीमागे धावणारी पोरे, यांची चित्रे काढणार कोण? हलत्या चित्राला शब्द थोडे लागतात. मराठी शाळेतील मुलाने केलेले चित्र शेजारच्या कन्नड शाळेतील मूलही पाहील आणि हसेल. दोन शाळांतील मुलांनी मिळून एक छायाखेळ बसविला, तर ते आम्हांस फार आवडेल.

यास पैसा कोठून आणावा, असे कोणी विचारील. पैसा लागतोच किती? गेल्या वर्षीची अर्धी कोरी वही घ्यावी. कोपऱ्यात एकेक रेखाटन करावे. साठ पाने भरली की पाच सेकंदांचे चलच्चित्र झाले. पाने अंगठ्याने सरसर सोडावी आणि पाहावे. शाडूची माती गणपतीच्या दिवसांत मिळते. गोकाकची लाकडी खेळणी पुष्कळ घरांत आहेत. घरातला फोन पुस्तकांच्या चळतीला घट्ट टेकवून ठेवावा, खेळणे बोटभर सरकवावे आणि चित्र टिपावे. पुठ्ठ्याची बाहुली, पांढरे धोतर आणि दिवा एवढ्यावर छायाखेळ उभा राहतो. ज्या फोनवर मूल रोज दोन तास पाहत बसते, त्याच फोनवर एक तास काम केले, तर पालकांची तक्रारही निम्मी होईल.

राहिली चिकाटी. निपाणीत अनेक घरी माता दिवसभर विड्या वळतात. पान कातरावे, तंबाखू भरावी, वळावे, दोरा बांधावा. आणि शेकडो विड्या अगदी एकसारख्या! त्या कष्टांचे आम्ही गोडवे गात नाही. त्यांच्या मुलांच्या वाट्यास ते येऊ नयेत, हीच आमची इच्छा. पण ज्या घरात असे हात आहेत, त्या घरातील मुलाला साठ चित्रे काढण्याचा धीर नाही, हे आम्ही मान्य करणार नाही. त्याला कोणी सांगितले नाही, एवढेच.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. विद्यार्थ्यांनी सुटीत आपापल्या वहीत एकेक हलते चित्र करावे: बैल चालताना, दोरीवरच्या उड्या, पतंग कटताना, जे डोळ्यांनी नीट पाहिले असेल ते. त्यांतील उत्तम एक निवडून पुढील वर्षीच्या या वार्षिकाच्या उजव्या कोपऱ्यांत, पानागणिक एक, असे संपादक मंडळाने छापावे. त्यास शाई फारशी लागणार नाही. मग अंक हाती पडताच लेख वाचण्याआधी पालक पाने सरसर सोडून पाहतील, आणि आम्ही लेखकमंडळी त्याबद्दल मुळीच रागावणार नाही.