श्रद्धेला भरवशाचा मुलामा कशाला?

श्रद्धा म्हणजे पुराव्यावाचून बाळगलेली अपेक्षा, असे बुद्धिवादाचा टेंभा मिरवणारी मंडळी उठता-बसता सुनावत असतात. त्यावर आपल्यातील काही उत्साही बंधू उत्तर देतात, ‘धरण टिकेल असे तुम्ही मानता, तीही श्रद्धाच!’ टाळ्या पडतात. पण उत्तर तकलादू आहे. त्याने श्रद्धेचा मान वाढत नाही, घटतो.

भंडारदऱ्याचेच पाहा. १९१० साली सुरू झालेले हे दगडी धरण १९२६ साली पूर्ण झाले. ते टिकेल ही अपेक्षा मोजमापे, बांधकाम आणि अनुभव यांवर उभी होती. १९६९ साली भिंतीला तडे जाऊन गळती वाढली, तेव्हा ‘आमचा विश्वास अढळ आहे’ असे म्हणत कोणी बसले नाही. पोलादी तारांचा ताण देऊन आणि मागून आधारभिंती उभारून धरण बळकट करण्यात आले. पुरावा बदलला की बदलते, ती रास्त अपेक्षा. हे भान सुटले की काय होते, ते १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याने भोगले आहे.

त्याच जलाशयाच्या वरच्या अंगाला, रतनवाडीत, अमृतेश्वर आहे. त्याच्यापुढे हात जोडणारा शेतकरी पावसाचा अंदाज वर्तवत नसतो. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्र होरपळला, म्हणून वारकऱ्याने गळ्यातील माळ उतरवली नाही. कारण ती माळ पावसाच्या हमीपोटी घातलेली नव्हती. कसे जगावे, कोणापुढे नमावे, याचा तो निश्चय होता. अंदाज चुकतो, निश्चय पाळला जातो किंवा मोडला जातो. निश्चयाला अंदाजाची फूटपट्टी लावणे हा कसला विवेक?

मात्र हाच न्याय आपल्यालाही लागू आहे. अंगाऱ्याने रोग बरा होईल अशी हमी विकणारा भोंदू श्रद्धेच्या प्रांतातला नव्हे. तो अपेक्षा विकतो. त्याच्याकडे पुरावा मागितलाच पाहिजे, आणि तो मागणे म्हणजे धर्मद्रोह नव्हे.

शतकभराचे वय झालेल्या भंडारदऱ्याच्या भिंतीखाली प्रवराकाठची गावे नांदत आहेत. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासणी बंधनकारक केली आहे. ती कागदावर उरकून ‘देव तारील’ म्हणणे ही श्रद्धा नसून देवाच्या नावावर खपवलेली कामचुकारी आहे. अमृतेश्वरापुढे डोळे मिटावेत. धरणावर ते उघडे ठेवावेत.