गाडी भंगारात काढायचीय, पण आरसी दुसऱ्याच्या नावावर?

गेल्या व्हिडिओत जुन्या टेम्पोचा विषय घाईत निघाला, म्हणून इथे नीट लिहितो.

"सेकंडहँड गाडी घ्या, टीटी फॉर्मवर सह्या घेऊन ठेवा, ट्रान्सफर नंतर बघू, तो पैसा मालात टाका." नव्या धंदेवाल्याला हा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मते तो साफ चुकीचा आहे. मीही तेच केलं होतं.

दुकान सुरू केलं तेव्हा ओळखीच्या एका काकांकडून तीनचाकी टेम्पो घेतला. सह्या केलेले फॉर्म चार वर्षं गल्ल्यात पडून. मग इंजिन बसलं. भंगारवाला म्हणाला, "कागद राहू द्या शेठ, रोख घ्या." मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण टेम्पो तुटला असता तरी आरटीओत तो काकांच्या नावावर जिवंतच राहिला असता. थकलेला टॅक्स, चलान त्यांच्या नावावर, आणि नंबरप्लेट कुणी दुसऱ्या गाडीला लावली तर पोलीस आधी त्यांच्याच दारात. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय: गाडी कितीही हात फिरली तरी रेकॉर्डवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला मालक तोच.

म्हणून सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरला गेलो. त्यांनी 'वाहन' पोर्टलवर नाव बघितलं आणि मला परत पाठवलं. काका तोवर वारले होते. सही करणाराच गेला म्हटल्यावर माझे फॉर्म म्हणजे रद्दी! मग मृत्यूचा दाखला, दोन्ही मुलांची संमती, फॉर्म 31 भरून गाडी आधी काकूंच्या नावावर, त्यानंतर स्क्रॅप. दोन महिने गेले. नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं आणि माझ्या आळसापायी त्या बाईंना आरटीओच्या रांगेत उभं राहावं लागलं. हे आजही टोचतं.

पैसेही काकूंच्याच खात्यात आले. त्यांनी प्रामाणिकपणे मला दिले. नसते दिले तर मी काय दाखवणार होतो? सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिटही त्यांच्या नावावर निघालं. नवीन गाडी घेताना त्यावर टॅक्समध्ये सूट मिळते, केंद्राच्या नियमात व्यावसायिक गाडीला 15 टक्क्यांपर्यंत.

तुमच्या दारात अशी गाडी असेल तर आजच आरसीवरच्या माणसाला फोन लावा. तो हयात आहे तोवर फॉर्म 29 आणि 30 वर काम होतं. कर्जाचा बोजा असेल तर आधी बँकेची एनओसी. आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद त्यांच्या हातात नक्की द्या. काकूंना मी तो लॅमिनेट करून दिला.