टेकडीवर फिरावयास येणाऱ्या नागरिकांस विनंती

फाल्गुन सरून चैत्र लागण्याच्या या दिवसांत पुण्याच्या वेताळ टेकडीवर पहाटे फिरावयास येणाऱ्या समस्त नागरिकांस एक विनंती आग्रहाने करावयाची आहे. हिवाळा काढण्यास परमुलखातून आलेल्या आणि आता परतीच्या प्रवासास सिद्ध झालेल्या भोरड्यांचे थवे निष्पर्ण पांगाऱ्यावर उतरतात, व फुलांतून वर निघणारी त्यांची डोकी परागाने माखलेली दिसतात, तेव्हा चालणाऱ्याची दृष्टी वरच खिळून राहावी हे स्वाभाविक आहे. परंतु याच ऋतूत पायाखाली पाहणे त्याहून अगत्याचे आहे.

टिटवी काड्यांचे घरटे विणीत नाही. उघड्या मुरमावरच्या उथळ खळग्यात ती बहुधा चार अंडी घालते. त्यांची निमुळती टोके आत वळलेली असतात आणि मातकट कवचावरील काळे ठिपके भोवतीच्या खड्यांशी असे बेमालूम मिसळतात, की दोन पावलांवर उभ्या असलेल्या माणसासही ती दिसू नयेत. ऊन तापले म्हणजे ती पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंड्यांस गारवा देते. तिचे ओरडणे अशुभ मानण्याची आपल्याकडे चाल आहे. पण तिचा या दिवसांतील आक्रोश बहुतेक त्या चार अंड्यांपायीच असतो. तो कानी पडताच आल्या वाटेने मागे फिरावे.

कुत्री साखळीवाचून सोडू नयेत, आणि वाळल्या गवतात पेटती काडी वा विडी तर चुकूनही टाकू नये. गेल्या उन्हाळ्यात जळून गेलेल्या एका उतारावर मी राखेत काळवंडलेली दोन अंडी पाहिली. टिटवी त्यांच्याभोवती पुनःपुन्हा चालत होती, आणि मी वळलो तरी ती तेथून हलली नाही. वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांस उपद्रव देणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहेच. पण मी आपणांस कायद्याचा धाक घालण्यासाठी हे लिहीत नाही.

ज्यांस शक्य असेल त्यांनी एक लहानशी वही जवळ बाळगून तारीख, वेळ, पक्षी आणि संख्या यांची नोंद त्याच दिवशी करावी, कारण भोरड्यांचा शेवटचा थवा कोणत्या तारखेस दिसला हे पुढच्या वर्षी आठवणीच्या भरवशावर सांगता येत नाही. घरट्याची जागा मात्र त्या वहीतच राहू द्यावी. छायाचित्रासाठी कोणी कितीही गळ घातली तरी ती दाखवू नये.