आपण येथे चुकून तर आलो नाही ना?

प्रवेशयादीत नाव लागते, फी भरली जाते, ओळखपत्र हाती येते. आणि तरीही पहिले दोन-तीन महिने मनातून एक शंका जात नाही. कार्यालयाकडून काहीतरी घोटाळा झाला असावा आणि एक दिवस शिपाई वर्गात येऊन आपल्याला बोलावून नेईल! ही शंका बोलून दाखवण्याची पद्धत नाही. गेल्या वर्षभरात वसतिगृहात, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर, एस.टी.च्या रांगेत मी हा विषय मुद्दाम काढला, तेव्हा ज्यांना आम्ही हुशार समजतो त्यांनीच सर्वांत आधी मान डोलावली. एका मैत्रिणीला मराठीत वर्गात सर्वाधिक गुण पडले. ती म्हणाली, "पेपर तपासणारे दमले असतील गं!" नापास झालो तर दोष आपला आणि पास झालो तर कृपा दुसऱ्याची, असा हा उफराटा हिशेब आहे.

मानसशास्त्राने या हिशेबाची दखल घेतली ती 1978 साली. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन विदुषींनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवर एक निबंध लिहिला. पदव्या, मानसन्मान, सहकाऱ्यांची मान्यता, सारे काही असूनही आपण लोकांना फसवीत आहोत असे या स्त्रियांना वाटे. लेखिकांनी याला 'इम्पोस्टर फिनॉमिनन' असे नाव दिले. 'सिंड्रोम' हा शब्द पुढे लोकांच्या तोंडी रुळला. हा फरक मला किरकोळ वाटत नाही. 'फिनॉमिनन' म्हणजे अनुभवाला येणारी एक गोष्ट. 'सिंड्रोम' म्हटले की तिच्यावर रोगाची छाया पडते, आणि रोग ठरला की औषध रोग्यानेच घ्यायचे. आत्मविश्वास कसा वाढवावा यावरील व्याख्याने हे ते औषध. आपल्याकडे अशी दोन झाली. दोन्ही वक्ते इतके अस्खलित बोलले की मागच्या बाकांवरच्या आम्ही मुली येताना होतो त्याहून अधिक गप्प होऊन बाहेर पडलो.

2021 साली रुचिका तुलश्यान आणि जोडी-ॲन ब्युरी यांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये नेमके या गोष्टीवर बोट ठेवले. स्त्रियांना दुरुस्त करण्याआधी त्या जेथे काम करतात ती जागा दुरुस्त करा, असा त्यांच्या लेखाचा रोख आहे. त्यांच्यासमोर कचेऱ्या होत्या. आपली जागा म्हणजे हा वर्ग, आणि या वर्गात माणसाला परके करणारी पहिली गोष्ट, माझ्या मते, भाषा आहे. घरी 'व्हतं' म्हणणारा मुलगा येथे 'होतं' म्हणेपर्यंत दोनदा अडखळतो. 'ण'च्या जागी 'न' आला की पुढच्या बाकावर खसखस पिकते. प्रश्न मनात तयार असतो, पण तो प्रमाण भाषेत उतरवेपर्यंत तास संपतो. प्राध्यापकांना वाटते, याला प्रश्नच पडत नाहीत. त्यालाही हळूहळू तसेच वाटू लागते.

गंमत अशी की, याच वर्गात आपण बहिणाबाई चौधरींवर भरभरून बोलतो. खानदेशातल्या या शेतकरी बाईला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात काम करता करता सुचलेल्या ओव्या त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि इतर आप्त टिपून ठेवीत. 1951 साली बहिणाबाई गेल्या. संग्रह निघाला 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. त्यांच्या बोलीची गोडी आपण परीक्षेत रसग्रहण करून सांगतो. मात्र ती बोली घेऊन जळगावकडचा एखादा मुलगा चर्चासत्रात उभा राहिला, तर आपण ओठ दाबून हसतो. छापील बोलीला गुण आणि जिवंत बोलीला हशा, हा कुठला न्याय?

प्रमाण भाषा शिकू नये असे मी म्हणत नाही. स्पर्धापरीक्षेला ती लागते, नोकरीत लागते, आणि हा लेखही मी तीतच लिहीत आहे. थोडी शंकाही हवीच. पण वाक्याविषयी शंका आली तर माणूस शब्दकोश उघडतो आणि स्वतःविषयी आली तर वही मिटतो. पहिल्या शंकेला वाव मिळावा म्हणून तरी दुसरी कमी व्हायला हवी.

ती कशी कमी होते हे मी एकदा पाहिले आहे. आमच्या एका सरांनी आपल्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा जुना खर्डा वर्गात आणला. मार्गदर्शकांच्या लाल शाईने पाने भरली होती. एका ठिकाणी अख्खा परिच्छेद आडवी रेघ मारून खोडलेला. सर काही उपदेश करीत नव्हते, संशोधनपद्धतीचाच तास होता. पण तो गठ्ठा बाकाबाकावरून फिरत राहिला आणि तास संपला तरी परत गेला नाही. इतरांचे आपण नेहमी स्वच्छ लिहून काढलेले पाहतो आणि ते आपल्या खोडाखोडीशी ताडून पाहतो. त्या दिवशी प्रथमच खोडाखोड खोडाखोडीशेजारी ठेवली गेली. पुढच्या चर्चासत्रासाठी वसतिगृहातल्या तिघींनी आपणहून नावे दिली. त्यांतली एक मी.

म्हणून संपादक मंडळाकडे एक मागणी. पुढच्या वार्षिकात चार पाने खर्ड्यांसाठी ठेवावीत. दोन पाने विद्यार्थ्यांची, दोन प्राध्यापकांची. जसेच्या तसे, काटाकुटीसह छापावे. या लेखाचा पहिला खर्डा मी त्यांच्याकडे देऊन ठेवला आहे. त्यात शीर्षक तीनदा खोडलेले आहे, आणि समासात दोन ठिकाणी 'व्हतं' आहे.