नाच आधी कागदावर उतरवा

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की निगडी-आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या महाविद्यालयांत तालमी सुरू होतात. आता त्यांच्या जोडीला विद्यार्थ्यांचा स्वतःचा म्युझिक व्हिडिओही आला आहे. गाणे त्यांचे, नाच त्यांचा, कॅमेरा मित्राचा. या उमेदीचे मोल मोठे आहे. ती वाया जाऊ न देणे हे या पट्ट्यातल्या आपणा नृत्यशिक्षकांचे आणि नृत्यदिग्दर्शकांचे काम आहे. स्टेजसाठी बसवलेला नाच जसाच्या तसा कॅमेऱ्यासमोर उभा केला की तो पडतो, मग तालमी कितीही झालेल्या असोत.

चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात बसलेला माणूस सगळा रंगमंच एकदम पाहतो. व्हिडिओत त्याने काय पाहायचे हे आपण ठरवतो, आणि ते पहिली स्टेप बसवण्याआधी ठरले पाहिजे. गाण्याचा तक्ता करा. मिनिटाला 120 बीट्सच्या गाण्यात आठचा एक काउंट चार सेकंदांत संपतो. तीन मिनिटांत असे 45 आठ येतात. प्रत्येक आठासमोर कोण नाचते, कॅमेरा कुठे आहे आणि चौकटीत पाय दिसतात की नाही, एवढे लिहा. ज्या आठात फक्त चेहरे दिसणार, तिथे पायांची अवघड रचना घोटून घेणे हा मुलांवर अन्याय आहे.

कमी पैशांत काय होऊ शकते हे 'ओके गो' या अमेरिकी बँडने 2006 मध्ये दाखवले. आठ ट्रेडमिल, एक स्थिर कॅमेरा, एकही कट नाही. ट्रिश सी यांची ती रचना पुढे ग्रॅमीपर्यंत गेली. त्या व्हिडिओतली सगळी कमाई आखणीची आणि घोटलेल्या तालमीची आहे. आपल्या मुलांना ड्रोनच्या आधी हा व्हिडिओ दाखवावा.

शूटिंगच्या दिवशीचे घोळ बहुतेक आवाज आणि उजेडाचे असतात. मोकळ्या मैदानावर एकच स्पीकर लावला, तर 34 मीटर मागच्या रांगेला गाणे सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येते. 120 च्या लयीत हा बीटचा पाचवा हिस्सा झाला. मागची मुले मागे पडतात आणि ओरडा मात्र त्यांनाच बसतो. स्पीकर मधोमध घ्या किंवा रांगा जवळ आणा. स्लो मोशन हवे असेल तर 25 ऐवजी 50 फ्रेमवर शूट करा आणि गाणे दुप्पट वेगाने वाजवा, म्हणजे संकलनात ओठ जुळतात. शेडमधल्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे. शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवावे.

जागेचा विचारही आपल्या गावाप्रमाणे हवा. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, तेव्हा ट्रकची वर्दळ कमी होते. रस्त्यावर नाचायचे तर परवानगी घेऊन तोच दिवस धरा. ड्रोनबाबत मात्र धाडस नको. देहूरोडला कॅन्टोन्मेंट आणि आयुध निर्माणी आहे, लोहगावला हवाई दलाचा तळ आहे. 'डिजिटल स्काय' या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय ड्रोन उडवूच नये. काँक्रीटवर उड्या असतील तर बूट आणि वॉर्मअप सक्तीचे करा. गुडघे विद्यार्थ्यांचे आहेत आणि जबाबदारी आपली.

आता कायदा. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थेच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी केलेल्या सादरीकरणाला मुभा आहे. तिच्या भरवशावर सिनेमाच्या गाण्याचा व्हिडिओ यूट्यूबवर चढवता येत नाही. म्हणूनच स्वतःचे गाणे करणाऱ्या मुलांच्या पाठीशी आपण उभे राहावे, आणि गीतकार, संगीतकार, गायक व नाचणारे या सगळ्यांची लेखी संमती आधीच घ्यावी. याच कायद्यात नृत्यरचनेला नाट्यकृतीचे संरक्षण आहे, पण ती लेखी किंवा अन्य स्वरूपात नोंदलेली असावी लागते. तो 45 आठांचा तक्ता इथेही उपयोगी पडेल. त्यावर तारीख आणि रचना करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव घाला.

यंदा ज्यांचे विद्यार्थी व्हिडिओ करणार आहेत, त्या शिक्षकांनी त्यांचे तक्ते आमच्याकडे जरूर पाठवावेत. विद्यार्थ्यांच्या संमतीने, त्यांच्या नावासह, आम्ही ते छापू.