दातांची घासाघीस

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या वऱ्हाडात दोन सीझन जोरात असतात. एक कापसाचा, दुसरा लग्नांचा. या दुसऱ्या सीझनला हल्ली एक नवं पॅकेज चिकटलंय, स्माइल डिझायनिंग! मेंदी, मेकअप, प्री-वेडिंग शूट आणि त्याच यादीत दात. अमरावती असो की अकोला, ‘दोन सिटिंगमध्ये हिरोसारखं हसा’ टाइपच्या जाहिराती मोबाइलवर येतच असतात. हसायला कुणाची ना नाही, बॉस. प्रश्न एवढाच, की त्या दोन सिटिंगमध्ये तुमच्या दातांचं नेमकं काय करणार?

माझी एक मैत्रीण अकोल्याची, बँकेत नोकरीला. बायोडेटासाठी फोटो काढायचा होता आणि समोरचे दात जरा पिवळट दिसत होते. एका क्लिनिकमध्ये गेली तर पहिल्याच भेटीत वरच्या सहा दातांना व्हिनियर्स सुचवली गेली. ‘दात घासावे लागतील का?’ तिनं विचारलं. उत्तर आलं, ‘थोडंसं पॉलिश.’ घरी हे ऐकून तिची आई म्हणाली, ‘फरशीले पॉलिश करतेत, दाताले काहून?’ काकूंनी बरोबर नस पकडली होती! दुसऱ्या डेंटिस्टनं तपासलं तेव्हा निघालं काय, तर साठलेलं कीटण आणि ऑफिसातल्या चहाचे डाग. एका बैठकीत स्केलिंग झालं, विषय संपला.

रंग का बदललाय, यावर सगळा खेळ आहे. आणि पॅकेजवाले नेमका हाच प्रश्न विचारत नाहीत. खर्रा, चहा, सिगारेट यांचे डाग बहुतांशी दातावर बसतात, ते स्केलिंग-पॉलिशिंगनं बरेचसे निघतात. (खर्रा चालूच ठेवला तर परत येतात, आणि खर्ऱ्यानं दातांपेक्षा मोठी दुखणी होतात, पण तो वेगळा कॉलम!) याउलट यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी दात तयार होतानाच त्याचा परिणाम इनॅमलमध्ये उतरतो. तिथल्या मुलामुलींचे तपकिरी दात कितीही ब्रश केले तरी तसेच राहतात, आणि ‘पाहण्याच्या कार्यक्रमात’ तोंडावर हात धरून हसायची वेळ त्यांच्यावर येते. अशांना व्हिनियर खरंच उपयोगी पडू शकतं. तिसरा प्रकार म्हणजे काहीच झालेलं नसतं. इनॅमलच्या आतला थर मुळातच पिवळसर असतो आणि तो थोडा झिरपून दिसतोच. सिनेमातला पांढराशुभ्र रंग निसर्गात फारसा सापडत नाही हो!

आता ब्लीचिंग. यात पेरॉक्साइडची जेल लावतात, ती इनॅमलमधून आत जाऊन डागांचे रेणू फोडते. डेंटिस्टनं नीट केलं तर साधारण सुरक्षित. काही दिवस थंड-गरम झोंबतं, जेल हिरडीला लागली तर ती भाजते. जुनी कॅप किंवा फिलिंग मात्र पांढरं होत नाही, त्यामुळे शेजारचे दात उजळले की ते उठून दिसतं. युरोपात २०११ च्या नियमानुसार ०.१ टक्क्याच्या वर आणि ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेली उत्पादनं फक्त डेंटिस्टनाच विकता येतात आणि अठरा वर्षांखालच्यांना वापरता येत नाहीत. २०१३ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टानं तर दात पांढरे करणं हे डेंटिस्टचंच काम, पार्लरचं नव्हे, असा निकाल दिला. आपल्याकडे लिंबू-सोडा आणि कोळशाची पावडर जोरात आहे. त्यात लिंबाचं आम्ल इनॅमल मऊ करतं आणि मग आपण तेच खरखरीत पावडरीनं खरवडतो. काय भारी आयडिया!

खरं टेन्शन मात्र घासण्याचं. समोरच्या दाताचं इनॅमल जेमतेम मिलिमीटरभर, हिरडीपाशी त्याहून पातळ. व्हिनियरसाठी त्यातलं बरेचदा अर्धा मिलिमीटर जातं, कॅपसाठी तर चारही बाजूंनी दात कोरतात. इनॅमल परत येत नाही. नस दुखावली तर रूट कॅनाल. शिवाय व्हिनियर साधारण दहा-पंधरा वर्षांनी बदलावं लागतं. पंचविशीत बसवलं तर हिशोब तुम्हीच करा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हैदराबादेत लग्न तोंडावर आलेला एक तरुण स्माइल डिझायनिंगसाठी गेला आणि त्याचा मृत्यू झाला. भुलीचं औषध जास्त झालं, असा आरोप वडिलांनी केला, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. अशा घटना विरळ असतात, घाबरून डेंटिस्टकडे जाणंच बंद करू नका. पण भूल देणार असतील तर वजन, ॲलर्जी, हृदयाचा त्रास, चालू गोळ्या हे सगळं आधी विचारलं गेलंच पाहिजे. नाही विचारलं तर उठून या. साध्या स्केलिंगला आणि ब्लीचिंगला सहसा इंजेक्शन लागतही नाही.

डेंटिस्टच्या भिंतीवर महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक दिसतो का बघा. १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टपासून नोंदणीशिवाय दातांची प्रॅक्टिस करता येत नाही. २०२३ मध्ये संसदेनं नॅशनल डेंटल कमिशनचा कायदा मंजूर केला, त्यातही नोंदणीची अट आहेच. सेकंड ओपिनियन हवं असेल तर अमरावतीत विदर्भ युथ वेलफेअर सोसायटीचं डेंटल कॉलेज आहे. कॉलेजच्या ओपीडीत पॅकेज विकायची घाई कुणाला नसते, फीदेखील सहसा कमी असते.

आणि हो, मेकअपची ट्रायल घेता तशी दातांचीही मिळते. दात न घासता वरून तात्पुरतं मटेरियल लावून नवं हसू कसं दिसेल ते दाखवतात, त्याला मॉकअप म्हणतात. ते मागा, फोटो काढा, घरच्यांना दाखवा. मुहूर्त आठ दिवसांवर आला असेल तर स्केलिंगवरच भागवा. नाहीतर ऐन पंगतीत आइस्क्रीम समोर आणि तुम्ही गाल धरून बसलेले!